वचन तोंडपाठ आहे, पण 'कनवाळू' कसं शिकवायचं?

पाठमोरी (सोमवार, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी, आणि आपल्यातल्यांना जय ख्रिस्त. इतकी वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. काल आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडेस्कूलची पाठांतर स्पर्धा झाली. त्यानं चांगल्या शोमरोन्याचा दाखला म्हटला, म्हणजे येशूनं सांगितलेली ती गोष्ट: लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक (पुजारी) आणि लेवी (मंदिराचा सेवक) ओलांडून जातात, आणि परक्या लोकांतला एक शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. बायबलमधल्या लूकचा १० वा अध्याय, २५ ते ३७, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पहिला नंबर आला, बक्षिसात कंपासपेटी मिळाली. आजी-आजोबा डोळे पुसत होते. खरं सांगायचं तर मीही.

आज दुपारी शाळेची व्हॅन आली तेव्हा मी गेटपाशीच होते. माझं पोरगं उतरता उतरता मागे वळून एका मुलाची नक्कल करत होतं. "मा-मा-माझी बॅ-बॅ-बॅग." तो मुलगा बोलताना अडखळतो. अख्खी व्हॅन हसली, व्हॅनवाले काकाही हसले. तो मुलगा तेवढा खिडकीकडे तोंड करून बसला होता. आणि माझ्या पोराच्या हातात ती नवी कंपासपेटी.

मी त्याला घरात नेलं, पाठीत दोन रट्टे दिले आणि इफिसकरांस पत्रातलं "एकमेकांबरोबर उपकारी व कनवाळू व्हा" हे वचन दहा वेळा लिहायला बसवलं. त्यानं छान वळणदार अक्षरात लिहिलं, वही माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "आई, कनवाळू म्हणजे काय?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही तुमच्या मुलांना हे कसं शिकवता? वचनं नकोत, ती आमच्याकडे भरपूर आहेत.

तर्रीपोहा

दया शिकवाले दोन रट्टे! ताई, राग नका मानू, पण हसू आलं. आमची मायबी अशीच होती, "कोणाले मारू नको" म्हणत म्हणत मारे.

पण त्या व्हॅनवाल्याले आधी पकडा. मोठा माणूस हसला का पोट्ट्यांले वाटते, चालते.

पाठमोरी

तर्रीपोहा दादा, रट्ट्यांचं बरोबर आहे तुमचं. रात्री झोपल्यावर त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण ते त्याला कळलंच नाही ना.

रविवारची बाई

ताई, मी नागपुरात अजनीकडच्या एका मंडळीत २२ वर्षं संडेस्कूल घेते. पाठांतर स्पर्धा भरवणाऱ्यांतली मीच एक, तेव्हा थोडा दोष माझ्याकडेही घेते.

आम्ही हा दाखला कसा शिकवतो बघा. वाईट याजक, वाईट लेवी, चांगला शोमरोनी. चित्रात रंग भरा, प्रार्थना, बिस्कीट, घरी. मुलांना वाटतं 'शोमरोनी' हे चांगल्या माणसाचं दुसरं नाव आहे. गोष्टीतला काटा आम्हीच काढून टाकलेला असतो.

येशूच्या समोर जे यहुदी बसले होते त्यांना शोमरोनी माणूस नको असायचा. योहानाच्या ४ थ्या अध्यायात विहिरीवरची बाई स्वतःच चकित होते, की हा यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतो. अशा लोकांतला एक माणूस येशूनं गोष्टीत आणून उभा केला. 'माझा शेजारी कोण' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला ही गोष्ट सांगून शेवटी तो विचारतो, तिघांतला त्या माणसाचा शेजारी कोण झाला? आता शास्त्र्याचं उत्तर बघा. "शोमरोनी" हा शब्द त्याच्या तोंडून निघतच नाही. तो म्हणतो, "त्याच्यावर दया करणारा तो." तेरा वचनं पाठ केलेल्या तुमच्या मुलाला हे विचारा. त्यानं ते वाक्य शंभरदा म्हटलं असेल, पण शास्त्री नाव टाळतोय हे त्याला कुणी दाखवलं नसणार.

आता मी वर्गात रंग भरायला देत नाही. एकच विचारते: तू रस्त्यात पडला आहेस, तुला उचलायला कोण आलं तर तुला सगळ्यात नको वाटेल? पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका, त्यांच्या हाताला विडीचा वास येतो." मग कोणी वर्गातल्या मुलाचं नाव घेतलं, कोणी सख्ख्या चुलत भावाचं. मला पुढे काय बोलावं सुचेना. आम्ही सगळे थोडा वेळ नुसते बसून राहिलो. माझ्या २२ वर्षांत तो बरा तास होता.

आणि कनवाळू. शोमरोन्याला जखमी माणसाचा "कळवळा आला" असं आपल्या शुभवर्तमानात आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपणही म्हणतोच ना, आतडं तुटलं, पोटात कालवलं. तेव्हा अर्थ सांगत बसू नका. कोणाकडे बघून तुझ्या पोटात कालवतं, एवढं विचारा. उत्तर लगेच नाही यायचं.

मार्था किचनवाली

आम्ही कॅथलिक, सदरला राहतो. सध्या ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चाललाय म्हणून आमचा फसलेला प्रयोग सांगते.

मागच्या वर्षी भस्म बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी काचेची बरणी आणली. नियम असा, की चांगलं काम केलं की बरणीत राजम्याचा एक दाणा. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, बरणी भरली की आइस्क्रीम. पहिला आठवडा घरात नुसतं स्वर्गाचं राज्य. दुसऱ्या आठवड्यात थोरली दिवसातून अकरा वेळा आजीला पाणी देऊ लागली. आजी म्हणाली, "अगं, मला बाथरूमला जाऊन जाऊन थकायला झालं." तिसऱ्या आठवड्यात मी बघितलं, की थोरली धाकट्याचे खडू आधी सांडते आणि मग त्याला गोळा करून देते. दाणा एक!

शेवटी त्या राजम्याची भाजी केली.

तर्रीपोहा

खडू सांडणारी पोट्टी पुढं नेता होणार. लिहून ठेवा.

अर्धवट

मी श्रद्धाळू नाही. बाप्तिस्मा झालाय, पण चर्चला फक्त लग्नात आणि मयतीत जातो. तरी ह्या धाग्यावर राहवेना.

मार्थाताईंची बरणी का फसली ह्यावर संशोधन झालेलं आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो ह्या दोघांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. माणसाच्या हातून वस्तू पडली की ही बाळं आपण होऊन उचलून देतात. काही बाळांना दर वेळी खेळणं बक्षीस दिलं. नंतर बक्षीस बंद झाल्यावर त्याच बाळांची मदत कमी झाली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती आपली उचलून देतच राहिली.

दुसरा प्रयोग तर तुमच्या दाखल्यावरच आहे. प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन यांनी तो केला, १९७३ मध्ये छापून आला. ४० विद्यार्थी, सगळे सेमिनरीतले, म्हणजे पुढे पाळक होणारे. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं आहे. निम्म्यांचा विषय ह्याच चांगल्या शोमरोन्याचा दाखला. वाटेत दारात एक माणूस खोकत, कण्हत पडलेला, अर्थात ठरवून बसवलेला. काहींना सांगितलं होतं उशीर झालाय, पळा. काहींना सांगितलं बराच वेळ आहे, सावकाश जा. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना घाई होती त्यांतले १० टक्के. डोक्यात दाखला आहे की दुसरा कुठला विषय, ह्यानं म्हणावा असा फरक पडला नाही. फरक घाईनं पडला.

म्हणजे शोमरोन्यावर बोलायला निघालेली माणसं विव्हळणाऱ्याला ओलांडून गेली. त्यापुढे तुमच्या पोराची कंपासपेटी काहीच नाही, ताई.

रविवारची बाई

अर्धवट, तुम्ही चर्चला येत नाही हे आमचं नुकसान आहे. हे मी वर्गात सांगणार.

एक भर घालते. आपल्या बायबलमध्ये "यरुशलेमेहून खाली यरीहोस" असं आहे. ते 'खाली' नुसतं बोलण्यापुरतं नाही. तो रस्ता सुमारे २७ किलोमीटरचा, म्हणजे बर्डीहून बुटीबोरी धरा, आणि तेवढ्यात उतार हजार मीटरच्या आसपास. ओसाड डोंगर, लुटारू. अशा जागी कोणालाही घाईच असणार. शोमरोन्यालाही होती, कारण दुसऱ्या दिवशी तो पुढे निघाला. पण जाताना उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देऊन गेला. एक दीनार म्हणजे तेव्हाची एक दिवसाची मजुरी, मत्तयात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच भाव आहे. वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परतताना देईन. उधारी लावून गेला! मुलांना ह्या मालकाचं नाव विचारलं तर म्हणतात नाव नाहीये. बरोबर आहे, पण रात्री उठून पट्ट्या त्यानंच बदलल्या असतील.

गल्लीतला

मी वेगळ्या बाजूनं बोलतो. माझा मुलगा चौथीत. त्याला आम्ही लहानपणापासून दया, क्षमा हेच शिकवलं. आता शाळेत रोज त्याचा डबा दुसरी पोरं खातात आणि हा हसत उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, "दुसरा गाल पुढे करायचा ना बाबा?" सांगा मला काय सांगू. तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी मारणाऱ्या मुलांसाठी आहेत. मार खाणाऱ्यांसाठी काय आहे?

मार्था किचनवाली

भाऊ, वाचून पोटात तुटलं. वर्गशिक्षिकेला भेटा, उद्याच. ते आधी. बायबल नंतर.

रविवारची बाई

मार्थाताईंशी सहमत. शिक्षिकेला भेटून झाल्यावर मुलाबरोबर योहान १८ वाचा, २२ आणि २३ वचन. महायाजकासमोर एक शिपाई येशूच्या तोंडात मारतो. गाल पुढे करा म्हणणारा हाच येशू तिथे गप्प बसत नाही. तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर सांग काय ते, नाहीतर मला का मारतोस? हात उचलला नाही, पण सवाल केला. तुमच्या मुलाला हा सवाल शिकवा, मोठ्या आवाजात. आरशासमोर सराव करून घ्या. मी वर्गात करून घेते, दोन मुलं समोरासमोर उभी करून. आधी हसतात, मग जमतं.

दया म्हणजे डबा देणं, हे खरं. पण डबा हिसकावला तर ते देणं नाही झालं.

गल्लीतला

"मला का मारतोस?" हे आज रात्री करून घेतो. धन्यवाद बाई.

निवृत्त गार्ड

मी रेल्वेत गार्ड होतो, आता नातवंडं सांभाळतो. जुना माणूस आहे, लांबड लागेल.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा, २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. सीएनआय म्हणतात ती. सहा निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या. आजच्या मुलांना त्याचं काही वाटत नाही, पण आमच्या घरी तोवर दुसऱ्या मंडळीवाल्यांबद्दल काय काय बोललं जाई! ते गीतं चुकीच्या चालीत म्हणतात, त्यांचा बाप्तिस्मा वेगळा, त्यांच्याकडे मुलगी देऊ नये. त्या दिवसांत एका उपासनेला मी सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसलो होतो. शेजारी एक अनोळखी कुटुंब येऊन उभं राहिलं. मी वडिलांकडे बघितलं. मला वाटलं ते म्हणतील, जागा नाही. ते एवढंच म्हणाले, "सरक."

त्या कुटुंबातला मुलगा पुढे माझ्याबरोबरच रेल्वेत लागला. ते असो.

नातवाला मी नागपूरच्या जुन्या लोकांच्या गोष्टी सांगतो. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा काढली, दगड गोळा केले, गोंड लोकांच्या कथा लिहून घेतल्या. हिस्लोपाइट नावाचं एक खनिज आहे, ते ह्यांच्या नावावरून. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडची पुरातन दगडांची वर्तुळं बघून घोड्यावरून परतताना नदीच्या पाण्यात बुडाले. मी मोठ्या आवेशात हे सगळं सांगितलं. नातू सात वर्षांचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, आणि घोडा?"

नीतिसूत्रे १२:१० मध्ये आहे, नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो. मी आयुष्यभर वाचलं. पण हिस्लॉपसाहेबांची गोष्ट इतक्यांदा सांगताना माझ्या मनात घोडा कधी आला नव्हता. पोरांना आपण शिकवतो म्हणतो ना, थोडं त्यांच्यात आधीच असतं बरं का. आपण ते बुजवू नये एवढंच.

अर्धवट

काका, वीस महिन्यांच्या बाळांचा प्रयोग हेच सांगतो.

निवृत्त गार्ड

मला प्रयोग माहीत नव्हता. नातू होता.

इंदोरा चौक

आम्ही बौद्ध आहोत, धागा आवडला म्हणून लिहिते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती आपल्याच गावात. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. आमच्या वस्तीतली माणसं रस्त्यावर मांडव टाकून जेवण-पाणी देतात. माझी मुलगी पाच वर्षांची असल्यापासून पाण्याच्या ग्लासांवर बसते. मी तिला करुणेवर काहीही सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी तिनं एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "आजी, तुम्ही कुठून आल्या?" ती म्हणाली, नांदेडहून, आणि पायातली चप्पल तुटलेली दाखवली. मुलगी घरी येऊन माझ्या चपला शोधत होती.

तुमच्याकडे असं हातानं करायचं काही असतं का मुलांसाठी?

मार्था किचनवाली

असतं ताई. आमच्यात सात दयाकृत्यं सांगतात. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट, मृताला माती. पहिली सहा मत्तयाच्या २५ व्या अध्यायातली. सगळीच्या सगळी हातापायांची कामं आहेत, बघा. "मनात चांगलं चिंता" असं एकही नाही.

बरणीनंतर आम्ही 'मूठ' सुरू केली. मिझोरामातल्या ख्रिस्ती घरांत शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आलेली पद्धत आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. आमच्याकडे ती मूठ धाकटा टाकतो. त्याची मूठ एवढीशी, पण रोजची. दाणे मोजायचे नाहीत, आइस्क्रीम नाही. डबा भरला की ज्या घरी द्यायचा तिथे तो स्वतः घेऊन येतो माझ्याबरोबर. आणि फोटो काढायचा नाही.

तर्रीपोहा

फोटोचं बोलल्या ते बेस केलं. डिसेंबरात आमच्या इकडच्या वृद्धाश्रमात एक आजोबा पाहिले. एक केळं, त्याले धरणारे आठ हात, अन् समोर मोबाईल. आजोबाले केळं सोलाची परवानगीच नाही, कारण "काका, अजून एक घेतो हां."

उजवा हात काय करते ते डाव्या हाताले कळू देऊ नका, असं तुमच्यातच आहे ना काही?

रविवारची बाई

आहे. मत्तय ६:३. आमच्या फलकावरही लिहिलेलं आहे, त्याच्याचसमोर उभं राहून फोटो काढतात.

खामल्याचा

एक कडवट प्रश्न विचारू का? आमच्या वस्तीत नाताळाच्या आधी काही लोक येतात. मुलांना केक, वह्या देतात. फार प्रेमानं बोलतात. मग आठवड्यानं विचारतात, प्रार्थनेला कधी येता. माझ्या मुलीनं मला विचारलं, "बाबा, आपण गेलो नाही तर पुढच्या वर्षी केक नाही का?" हे तुमच्या मुलांना काय शिकवतं?

धाग्याचा राखणदार

धर्मांतराच्या वादासाठी कृपया वेगळा धागा काढा. मुलांच्या अंगानं बोलत असाल तर चालू द्या.

पाठमोरी

राखणदार, प्रश्न मुलांचाच आहे, राहू द्या. खामल्याचे दादा, तुमच्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे. आमच्या मंडळीतही अशी माणसं आहेत, आणि त्यांना वाटतं आपण प्रेमच करतो आहोत. मला ते पटत नाही. पण मी त्यांना तोंडावर कधी बोललेही नाही.

रविवारची बाई

लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. आभार मानायला एकच परत येतो. तोही शोमरोनीच. येशू विचारतो खरं, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण नऊ जणांचा रोग काही परत आणत नाही. माझ्या वर्गात हे मुलांना फार आवडतं. "म्हणजे न आलेल्यांना पण मिळालं?" हो, मिळालं. केकला गळ लावला की ती मासेमारी झाली, दादा. तुमच्या मुलीला सांगा, एका संडेस्कूलवाल्या बाईनं माफी मागितली आहे.

खामल्याचा

मासेमारी! सांगतो तिला. तुम्ही भांडाल असं वाटलं होतं.

पाठमोरी (शुक्रवार, रात्री ११.२०)

चार दिवस तुमचं सगळं वाचत होते. काही घडलंय ते सांगायला आले.

मंगळवारी मुलाला जवळ घेऊन विचारलं, त्या मुलाची नक्कल का केलीस? म्हणाला, "सगळे हसतात." मी म्हटलं, असं करायचं तू शिकलास कुठे? तो अगदी साधेपणानं म्हणाला, "तू पण मावशींची करतेस ना."

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी छत्तीसगडच्या. त्यांची बोली गोड आहे, आणि जेवताना मी आणि माझे मिस्टर त्यांच्यासारखं बोलून हसतो. मावशी गेल्यावर. अगदी प्रेमानं, असं मला वाटायचं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत बसले.

दुसरं म्हणजे घाई. अर्धवट दादांनी ते ६३ आणि १० लिहिलं तेव्हापासून मी मोजते आहे. सकाळी सहा ते साडेसात मी पोराला किती वेळा "लवकर" म्हणते? बुधवारी एकोणीस. गुरुवारी, मोजतेय हे माहीत असूनही, बारा. तो काही सांगायला लागला की "व्हॅनमध्ये सांग" म्हणते. व्हॅनमध्ये तो कोणाला सांगणार?

तर्रीपोहा

ताई, आता मलेबी आठवलं मी कोणाकोणाची नक्कल करतो. यादी मोठी हाये. आज जेवण गोड नाही लागणार.

निवृत्त गार्ड

पोरी, ओटा पुसून झाला असेल तर मावशींना एकदा चहाला बसव. उभ्यानं नाही, बसून. मुलासमोर.

अर्धवट

एकोणीसवरून बारा ही मोठी घट आहे. आमचं काम आकड्यांचं, म्हणून सांगतो.

मार्था किचनवाली

आमच्या घरी आई लहानपणी रेव्हरंड टिळकांची घायाळ पक्षिणीची कविता म्हणायची. फुलामुलांचे कवी ते. दर वेळी तिसऱ्या ओळीला तिचा आवाज बसायचा. मला कवितेचा अर्थ पुढे शाळेत कळला, पण आईचा आवाज कुठे बसतो ते आधीपासून ठाऊक होतं. तुमच्या मुलानं तुम्हाला ओटा पुसताना बघितलंय ना? मग झालं तर.

गल्लीतला

माझ्याकडून कळवतो. शिक्षिकेला भेटलो, त्यांनी लक्ष घालते म्हटलं. आणि काल पोरानं खरंच विचारलं, "माझा डबा का खातोस?" समोरचा म्हणाला, "माझ्या डब्यात रोज बिस्किटं असतात." आता काय करावं? बायकोनं आज दोन पोळ्या जास्त दिल्यात. मी अजून रागात आहे, पण दिल्यात.

रविवारची बाई

राहा रागात थोडे दिवस. पोळ्या चालू ठेवा.

पाठमोरी (झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी)

मध्ये तीन आठवडे गेले, परीक्षा होत्या. काही जणांनी विचारलं म्हणून लिहिते.

मावशी चहाला बसल्या. पहिल्या दिवशी खुर्चीच्या अगदी कडेवर, दुसऱ्या दिवशी थोड्या मागे. मुलानं त्यांना विचारलं, तुमच्या गावाला पाण्याला काय म्हणतात. "पानीच म्हणतात बेटा," असं म्हणून त्या खूप हसल्या. आता तो त्यांच्याकडून शब्द शिकतो. मी जेवताना गप्प असते. मिस्टरांची एकदा जीभ वळवळली होती, पोरानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

व्हॅनवाल्या काकांशी बोलले. ते वरमले. त्यांचा स्वतःचा भाऊ अडखळत बोलायचा म्हणे.

आता त्या मुलाचं. मी माझ्या मुलाला माफी मागायला लावणार होते, पण बाईंनी मेसेज करून सांगितलं, लावू नका, ती पण एक पाठांतर स्पर्धाच होईल. म्हणून थांबले. दोन आठवडे काहीच झालं नाही. मी रोज गेटवर उभी राहून व्हॅनच्या खिडकीत बघायचे. तो मुलगा मागच्या सीटवर एकटा, माझा पुढे मित्रांत.

गेल्या सोमवारी व्हॅन आली तेव्हा माझा मागच्या सीटवर होता. कसा गेला, कोण सरकलं, काही सांगत नाही. उतरला तो तोंड पाडून. मला वाटलं भांडण झालं. विचारलं तर म्हणाला, "तो जोक सांगत होता. हत्ती आणि मुंगीचा. पण त्याला खूप वेळ लागतो आई. आपलं घर आलं."

मंगळवारी पुन्हा तेच. जोक नवा, घर आलं. बुधवारी त्यानं काकांना म्हटलं, "काका, थोडं हळू चालवा ना." काका म्हणाले, "बेटा, बाकीच्यांनाही घरी जायचं आहे."

काल मी गेटवर उभी होते. व्हॅन येऊन थांबली, दार उघडलं, माझं पोरगं उतरेना. मागून हॉर्न वाजत होते. माझ्या तोंडात "लवकर" आला होता, कसाबसा गिळला. आत तो मुलगा बोलत होता, "मग मुं-मुं-मुं..." आणि माझा पोरगा त्याच्या तोंडाकडे बघत, बॅगेचा पट्टा हातात धरून, तसाच बसलेला. काकांनी इंजिन बंद केलं.

तर्रीपोहा

मग मुंगी काय म्हणाली?

पाठमोरी

अहो, मुंगी बोलायच्या आतच मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या द्यायला सुरुवात केली. सोमवारी सुट्टी आहे का हो शाळांना? नसली तर कळवते.